छापलेला भाग वाइसमध्ये धरायचा कुठे? मशिनिंग आणि थ्रीडी प्रिंटिंगमधल्या इंटर्नशिपची वाट

९ मे २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं, थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेलं इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिलं. आधी जे इंजिन १४ तुकडे जोडून व्हायचं ते एका अखंड तुकड्यात आलं आणि १९ वेल्ड वाचले. ५६५ किलो फोर्जिंग (ठोकून घडवलेला धातू) आणि पत्र्याच्या जागी १३.७ किलो धातूची पावडर पुरली. बातमी वाचून त्या आठवड्यात मला तीन मुलांचे फोन आले. तिघांचं म्हणणं एकच: ‘सर, सीएनसी नको. थ्रीडी प्रिंटिंगमध्येच इंटर्नशिप पाहिजे.’

त्यांचा उत्साह मला समजतो. (सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी मशिनं; त्या कापण्यालाच मशिनिंग म्हणतात.) पण पिंपरी-चिंचवडच्या मशिन शॉपमध्ये वर्षानुवर्षं काम केल्यावर मी अशा मुलांसमोर आधी एक तुकडा ठेवतो. मेटल प्रिंटरमधून नुकताच निघालेला ब्रॅकेट. खरखरीत, राखाडी, खालून सपोर्टचे (छापताना भागाला दिलेल्या आधारांचे) दात निघालेले. त्यात २५ मिमीचं बेअरिंग बसायचं आहे आणि ड्रॉइंगवर लिहिलंय २५ एच७. म्हणजे बोअर (भोकाचा व्यास) २५.००० ते २५.०२१ मिमीमध्येच पाहिजे. मेटल प्रिंटरचा भरवसा ढोबळमानाने ०.१ मिमीच्या आसपास. ही २१ मायक्रॉनची (०.०२१ मिमीची) खिडकी प्रिंटर गाठत नाही, त्यामुळे हा तुकडा व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशिनवर, जाणार. तिथे सेटर, म्हणजे मशिनवर नवीन काम लावणारा, पहिला प्रश्न विचारणार: याला एक सपाट बाजू नाही, मग वाइसमध्ये (मशिनवरच्या शिकंज्यात) धरायचा कुठे?

या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारी मुलं आज हवी आहेत. प्रिंटिंगवाल्याला मशिनवरची अडचण कळत नाही आणि मशिनवाल्याला भाग असा वेडावाकडा का छापला ते उमगत नाही. तुमची इंटर्नशिप या दोघांच्या मधल्या जागेवर व्हावी, आणि तिथे पोचायचं तर सुरुवात मशिनिंगपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लिहिल्या आहेत.

पायरी पहिली: कागद

इंटर्नशिप, इंडस्ट्रियल ट्रेनिंग आणि अप्रेंटिसशिप हे शब्द मुलं एकाच अर्थाने वापरतात. कारखान्याच्या ऑफिसात मात्र त्यांचे कागद वेगळे निघतात.

शिकत असताना काही आठवड्यांसाठी किंवा एका सेमिस्टरसाठी जाता ती इंटर्नशिप. तिला कॉलेजचं पत्र लागतं. पत्रावर त्या कंपनीचं नाव आणि तारखा असू द्या. ‘टू हूम्सोएव्हर’ छापाचं पत्र बघून छोटा मालकही नाराज होतो. सोबत अपघात विम्याची प्रत ठेवा. बऱ्याच कॉलेजांची विद्यार्थ्यांसाठी सामूहिक पॉलिसी असते, पण प्रत मागितल्याशिवाय कुणी देत नाही. विमा नसेल तर कारखाना तुम्हाला मशिनच्या जवळ उभं करणार नाही, आणि त्याने करूही नये.

डिप्लोमा किंवा डिग्री झाल्यावर करार करून करता ती अप्रेंटिसशिप. ती १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली येते. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांसाठी केंद्र सरकारची नॅट्स योजना आहे. आपल्या पश्चिम विभागाचं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग मुंबईत आहे. आयटीआयवाल्यांचा रस्ता मुख्यतः २०१६ साली सुरू झालेल्या नॅप्स योजनेतून जातो. दोन्हींचे पोर्टल आहेत आणि नोंदणी फुकट आहे. किमान स्टायपेंड केंद्र सरकार ठरवतं आणि तो बदलतो, म्हणून चालू आकडा पोर्टलवरच बघा.

ही माहिती तुम्हाला असतेच असं नाही, आणि शेडच्या मालकालाही नसते. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस ठेवावेच लागतात. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. नॅट्समध्ये किमान स्टायपेंडचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. हे नम्रपणे सांगितल्यावर ‘आमच्याकडे तशी जागा नाही’ म्हणणारे मालक खुर्ची पुढे करतात, हे मी पाहिलं आहे.

आणखी एक. इंटर्नशिपसाठी कुणी पैसे मागितले तर उठून बाहेर या. पैसे भरून चार दिवसांत मिळालेलं सर्टिफिकेट कुठलाही अनुभवी इन्स्पेक्टर दोन प्रश्नांत उघडं पाडतो.

पायरी दुसरी: जागा शोधणं

मोठ्या कंपनीचं नाव रेझ्युमेवर चांगलं दिसतं. पण तिथे सहा आठवड्यांचा मुलगा बहुतेक वेळ प्रेझेंटेशन बनवण्यात आणि काचेआडून लाइन बघण्यात घालवतो. भोसरीतल्या आठ-दहा मशिनच्या जॉब शॉपमध्ये, म्हणजे इतरांचे भाग बनवून देणाऱ्या छोट्या कारखान्यात, तिसऱ्या दिवशी हातात व्हर्नियर (बारीक मापाचं साधन) येतो. दोन्हींत निवड असेल तर पहिली इंटर्नशिप जॉब शॉपमध्ये करा. मोठं नाव दुसऱ्या वेळी मिळवा.

भोसरी, चिंचवड, चाकण हा पट्टा गाड्यांच्या सुट्या भागांवर उभा आहे. नाशिकला सातपूर-अंबड, संभाजीनगरला वाळूज-चिकलठाणा. कोल्हापूरला शिरोली-गोकुळ शिरगावमध्ये फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशिनिंग मोठ्या प्रमाणावर चालतं, आणि त्यातून एक फार उपयोगी गोष्ट शिकायला मिळते: वाकड्यातिकड्या, खडबडीत भागाचा पहिला डेटम, म्हणजे पुढची सगळी मापं जिथून घ्यायची ती बाजू, कसा काढायचा. प्रिंट केलेल्या भागाचं दुखणं हेच आहे. त्यामुळे कोल्हापूरकडच्या मुलांनी थ्रीडी प्रिंटिंग जवळ नाही म्हणून हळहळू नये. त्यांच्याकडे अर्धा अभ्यास आधीच पडलेला आहे.

टूल रूम ही वेगळी जात. मोल्ड, डाय (साचे) आणि फिक्स्चर (भाग पकडून ठेवायची चौकट) बनवणाऱ्या या जागी प्रत्येक जॉब नवा असतो. संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम शिक्षण आणि काम दोन्ही एकाच छताखाली करते. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये रॅपिड प्रोटोटायपिंगची सोय आहे. मशिन टूल उत्पादकांची इम्टमा ही संघटनाही पुण्यात मशिनिंगचे छोटे कोर्स घेते. प्रिंटिंगची सेवा देणारी ब्युरो मुंबई-पुण्यात आहेत. बहुतेक ब्युरो प्लॅस्टिक आणि रेझिनमध्ये (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवात) काम करतात, धातूचे प्रिंटर त्या मानाने थोडे. तुमच्या गावात डेंटल लॅब किंवा दागिन्यांचे नमुने बनवणारा असेल तर तिथे डोकवा. या दोन धंद्यांत रेझिन प्रिंटर भरपूर कामाला लागलेले असतात, हे इंजिनिअरिंगच्या मुलांच्या लक्षातच येत नाही.

प्रत्यक्ष जाताना वेळ सांभाळा. भोसरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. सुट्टी रविवारी असेल असं समजून गुरुवारी गेलात तर बंद शटर दिसेल. सकाळी शिफ्ट सुरू होताना जाऊ नका, तेव्हा मशिन लावायची घाई असते. साडेदहा-अकराला जा. हातात एक पानाचा रेझ्युमे आणि तुम्ही स्वतः काढलेलं एका भागाचं ड्रॉइंग असू द्या, टॉलरन्ससकट (मापात किती फरक चालेल त्यासकट). बोलणं थोडकं ठेवा. ‘सर, मी अमुक कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. सहा आठवडे इन्स्पेक्शन आणि सेटिंग शिकायचं आहे. मोजायला येतं, ड्रॉइंग वाचता येतं. पहिला आठवडा बर काढायला बसवलं तरी चालेल.’ हे शेवटचं वाक्य मनापासून म्हणा. (बर म्हणजे कापल्यावर कडेला उरणारी धातूची धारदार कोर.) मालकाला शिकवायची भीती नसते. मुलगा आठ दिवसांत कंटाळून पळेल याची भीती असते.

पायरी तिसरी: जायच्या आधीचे तीन आठवडे

मुलं या काळात सॉफ्टवेअर शिकायला धावतात. मी म्हणेन, आधी मोजायला शिका. मोजमाप ज्याचं पक्कं, त्याला शॉपमध्ये दुसऱ्या आठवड्यात मान मिळतो.

कॉलेजच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये व्हर्नियर आणि मायक्रोमीटर घेऊन बसा. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१, एवढं तोंडपाठ असून उपयोग नाही. मोजण्याआधी जबडे पुसा, बंद करून शून्य बघा, मायक्रोमीटर रॅचेटनेच आवळा. एकच पिन दहा वेळा मोजा आणि दहाही आकडे लिहा. त्यांत ०.०३ चा फरक येत असेल तर दोष तुमच्या हाताचा आहे. तो फरक ०.०१ वर येईपर्यंत बसा. मग मित्राला त्याच पिनवर बसवा आणि दोघांचे आकडे ताडून पाहा.

त्यानंतर तापमान. मशिनवरून काढलेला गरम जॉब (घडवायचा तुकडा) लगेच मोजला की साइज मोठा दिसतो. १०० मिमी ॲल्युमिनियम १५ अंशांनी तापलं तर साधारण ३५ मायक्रॉन वाढतं, आणि १०० एच७ ची पूर्ण टॉलरन्सही ३५ मायक्रॉनच आहे. म्हणजे गरम बोअर मोजून ‘बरोबर आहे’ म्हणालात तर थंड झाल्यावर तो अंडर (मापापेक्षा लहान) निघू शकतो. स्टील साधारण निम्म्याने वाढतं. जुने इन्स्पेक्टर जॉब सरफेस प्लेटवर (तपासणीच्या सपाट पाटावर) ठेवून चहाला जातात, त्यामागे हे कारण आहे.

ड्रॉइंगवर डेटमच्या चौकटी ओळखता आल्या पाहिजेत. फिटच्या (भोकात शाफ्ट कसा बसेल त्याच्या) अक्षरांपैकी एच७ आणि जी६ एवढं सुरुवातीला पुरे: २५ एच७ चं भोक ० ते +०.०२१, आणि २५ जी६ चा शाफ्ट -०.००७ ते -०.०२०. दोन्ही आकडे कागदावर मांडा आणि सगळ्यात सैल, सगळ्यात घट्ट बसणी किती ते काढा.

स्पीडचं एक सूत्र हातात असू द्या. कटिंग स्पीडला १००० ने गुणा, मग पाय (π) गुणिले व्यासाने भागा, उत्तर आरपीएम. ५० मिमीचा बार १५० मीटर प्रति मिनिटाने टर्न करायचा तर ९५५ आरपीएम. जी-कोडपैकी (मशिनला द्यायच्या आज्ञांपैकी) जी००, जी०१, जी०२, जी०३, जी२८, जी५४, जी९०, एम०३, एम०६, एम०८, एम३० एवढे ओळखता आले की ऑपरेटरच्या शेजारी उभं राहून प्रोग्रॅम वाचता येतो.

प्रिंटिंगसाठी कॉलेजमधला किंवा मित्राचा साधा फिलामेंट प्रिंटर पुरतो. २० मिमीचा घन आणि मध्ये १० मिमीचं भोक असा तुकडा पीएलए प्लॅस्टिकमध्ये छापा आणि तिन्ही दिशांनी मोजा. भोक बहुतेक वेळा लहान येईल. खालचा थर जरा पसरलेला मिळेल. हे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

पायरी चौथी: पहिला दिवस

सेफ्टी शूज स्वतःचे घेऊन जा. बाह्या दुमडलेल्या, शर्ट खोचलेला, गळ्यात आयडीची दोरी नको, हातात अंगठी-कडं-दोरा नको, केस लांब असतील तर बांधून टोपीत. फिरत्या मशिनवर हातमोजे घालायचे नाहीत. संरक्षण वाटतं खरं, पण हातमोजा ड्रिलमध्ये अडकला तर हातासकट ओढला जातो. चिप (कापलेल्या धातूचा कीस) हाताने ओढायची नाही, त्यासाठी हुक असतो. एअर गनने अंग झटकायचं नाही. चक की (जॉब पकडणारा चक आवळायची किल्ली) चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही. मशिनसमोर उभं राहिल्यावर आधी इमर्जन्सी बटण आणि फीड होल्ड (टूलची चाल थांबवायचं बटण) कुठे आहे ते बघा आणि शिकवणाऱ्याला बोट दाखवून खात्री करून घ्या.

प्रिंटिंगच्या बाजूचे धोके डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून जास्त सांगतो. रेझिन त्वचेला लागून लागून ॲलर्जी बसते आणि एकदा बसली की जात नाही. नायट्राइलचे मोजे घालूनच हात लावा. धातूची पावडर साधारण १५ ते ४५ मायक्रॉनची असते. टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमची पावडर हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होऊ शकतो. म्हणून तिथे अर्थिंग, मास्क आणि खास व्हॅक्यूम क्लीनर असतो. पेटलेल्या धातूच्या पावडरीवर पाणी मारायचं नाही. डी वर्गाचं एक्स्टिंग्विशर कुठे टांगलंय ते पहिल्याच दिवशी विचारा. प्रिंटरच्या चेंबरमध्ये आरगॉन किंवा नायट्रोजन असतो; तो गळून बंद खोलीत साठला तर वास येत नाही, थेट भोवळ येते. ऑक्सिजन मीटर वाजला की कारण शोधत बसू नका, बाहेर पडा.

माणसांचंही सांगतो. वयाने मोठ्या ऑपरेटरला काका किंवा मामा म्हणा, थोडे मोठे असतील त्यांना दादा. तुम्ही उद्या इंजिनिअर होणार आहात हे त्यांना माहीत असतं. ते तुम्ही बोलून दाखवू नका. त्यांच्या मशिनवरची बटणं न विचारता दाबू नका, आणि त्यांचा मायक्रोमीटर तर न विचारता उचलूच नका.

पायरी पाचवी: मशिनवरचे आठवडे

सुरुवात बर काढण्यापासून होईल. फाइल आणि स्क्रॅपर घेऊन शेकडो पीसच्या कडा मोडायच्या. कंटाळू नका, कारण बर कोणत्या बाजूला आली यावरून टूल कुठून बाहेर पडलं ते कळतं. बर अचानक जाड यायला लागली तर इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) झिजला. सेटर काकांना हे तुम्ही आधी जाऊन सांगितलंत तर त्या दिवसापासून ते तुम्हाला मशिनजवळ बोलावतील.

नवीन जॉब लागत असेल तेव्हा बाकी सगळं सोडून तिथे उभे राहा. शिकण्यासारखं सगळं त्या दोन-तीन तासांत घडतं. जॉब कुठे टेकवला, कुठे दाबला, पॅरलल (जॉबखालच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या) का ठेवले, डायल (सरळपणा तपासायचं घड्याळी माप) कुठे फिरवला, जी५४ चं शून्य (मापांची सुरुवात) कोणत्या कडेला घेतलं, टूल ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) कसा काढला, पहिला पीस कुणी मोजला. एकच प्रश्न परत परत विचारा: ‘काका, इथेच का धरला?’ कधी उत्तर मिळेल की बाजू सपाट आहे. कधी मिळेल की त्या बाजूने पुढचं सगळं मोजायचं आहे. दुसरं उत्तर म्हणजे डेटम.

इन्सर्टच्या डब्यावरचा नंबर वाचायला शिका. सीएनएमजी १२०४०८ मधला सी म्हणजे ८० अंशांचा समभुज चौकोन, एन म्हणजे शून्य क्लिअरन्स कोन, शेवटचे ०८ म्हणजे टोकाची त्रिज्या ०.८ मिमी. ही त्रिज्या आणि फीड (एका फेऱ्यात टूल किती सरकतं ते) मिळून फिनिश ठरतं: फीडचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या. ०.२ फीडला चढउतार साधारण ६ मायक्रॉन, फीड ०.१ केलं की दीडवर येतो. फीड निम्मं, खडबडी चौथा हिस्सा. हे गणित करून मग तोच जॉब नखाने घासून बघा. हाताला फरक कळतो.

आता माझी एक चूक. शिकत होतो तेव्हा २५ मिमीचा शाफ्ट २५.०४ आला. वेअर ऑफसेटमध्ये (झिजेची दुरुस्ती टाकायच्या रकान्यात) -०.०४ टाकायचं होतं, मी -०.४ टाकलं. पुढचा पीस २४.६४. गेला. सेटर काका ओरडले नाहीत. तो पीस त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, ‘आधी तोंडानं म्हण, मग दाब.’ तेव्हापासून कोणताही आकडा टाकताना मी मोठ्याने म्हणतो, ‘वजा शून्य पॉइंट शून्य चार’, आणि शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणतो. तुम्हीही म्हणा. कंट्रोलरचाही एक सापळा आहे. फॅनुकसारख्या बऱ्याच कंट्रोलरवर एक्स५० पुढे पॉइंट दिला नाही तर सेटिंगप्रमाणे त्याचा अर्थ ५० मायक्रॉन होऊ शकतो. तुमच्या मशिनवर काय होतं ते विचारून घ्या, करून बघू नका.

पायरी सहावी: प्रिंटिंगची बाजू, आणि दोघांची गाठ

प्रिंटरवर बसायला मिळालं की मुलं आधी मशिन बघतात. तुम्ही तयारी बघा. भाग कोणत्या बाजूने उभा केला? ४५ अंशांपेक्षा जास्त झुकलेल्या पृष्ठभागाखाली सपोर्ट लागतो असा ढोबळ नियम आहे, मग याला सपोर्ट कमी लागावा म्हणून आडवा केला की उभा? सपोर्ट तोडायला हात किंवा टूल पोचेल का? मेटल पावडर बेडमध्ये (पावडरचे थर वितळवून छापण्याच्या पद्धतीत) एक थर साधारण ३० ते ६० मायक्रॉनचा; १०० मिमी उंचीचा भाग ५० मायक्रॉनच्या थराने छापायचा तर २००० थर. भाग आडवा पाडला की थर कमी, वेळ कमी, पण सपोर्ट वाढू शकतात. हा हिशोब तुम्ही स्वतः वहीत मांडून ऑपरेटरला दाखवा.

छापून झाल्यावरची रांग नीट पाहा. आधी सैल पावडर काढून चाळतात, कारण ती परत वापरायची असते, आणि ती कितव्यांदा वापरली याची नोंद ठेवतात. मग भाग प्लेटसकट भट्टीत जातो, ताण घालवायला. घाईने प्लेटवरून आधी कापला तर आत साठलेल्या ताणामुळे तो केळ्यासारखा वर उचलला जातो. नंतर वायरकटने (विजेच्या ठिणगीने कापणाऱ्या तारेने) प्लेटपासून वेगळा. मग सपोर्ट काढणं, आणि मग मशिनिंग.

पुन्हा त्या ब्रॅकेटकडे या. धरायचा कुठे, याचं उत्तर भाग छापायच्या आधी द्यावं लागतं. बेअरिंगच्या बोअरमध्ये ०.५ ते १ मिमी जादा माल ठेवला का? तो ठेवला नसेल तर टूलला कापायलाच काही मिळणार नाही, खडबडी तशीच राहील. भागाला दोन-तीन जादा कान ठेवून छापलं तर त्यांवर क्लॅम्प बसतो, काम झाल्यावर कान कापून टाकायचे. किंवा प्लेटवरून कापण्याआधीच, प्लेटच वाइससारखी वापरून, वरची बाजू मशिन करून घ्यायची. पातळ भिंती असतील तर सॉफ्ट जॉ (वाइसचे मऊ जबडे) भागाच्या आकाराप्रमाणे कोरायचे, म्हणजे दाब पसरतो आणि भाग पिचत नाही. हे निर्णय डिझाइन करणाऱ्याने, प्रिंटरवाल्याने आणि सेटरने एका टेबलावर बसून घ्यायला हवेत. सहा आठवड्यांचा इंटर्न एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ड्रॉइंग घेऊन फिरला, प्रत्येकाला ‘तुम्हाला अडचण कुठे येते?’ विचारून त्यावर खुणा करत गेला, तर त्या शॉपसाठी त्याने खरं काम केलं.

तुमचं शॉप नुसतं मशिनिंगचं असेल तर मिनी प्रोजेक्ट म्हणून एक फिक्स्चर छापा. तपासणीसाठी भाग उभा ठेवायचं बैठक-फिक्स्चर सगळ्यात सोपं. त्यावर कापण्याचा जोर येत नाही. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं, म्हणून मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली, खिडकीशी ठेवू नका, किंवा जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी प्लॅस्टिक घ्या. मोजायचा भाग जिथे टेकतो तिथे छापलेल्या प्लॅस्टिकवर विसंबू नका, स्टीलची डॉवेल पिन ठोका. घरी छापलेल्या घनातलं भोक किती लहान आलं होतं तो आकडा इथे कामाला येतो: पिनचं भोक तेवढं मोठं काढा, किंवा लहान छापून रीमरने साइजला आणा.

पायरी सातवी: वही

रोज संध्याकाळी घरी जाऊन नाही, जेवणाच्या सुट्टीत आणि शिफ्ट संपताना लिहा. कसं लिहायचं ते एका नोंदीवरून सांगतो: ‘ईएन८ स्टीलचा बार, ५० व्यास. १५० स्पीड, ०.२ फीड. पंधराव्या पीसपासून साइज ०.०१ ने वाढायला लागला. काकांनी वेअर -०.०१ दिला. तिसाव्याला इन्सर्टची कड बदलली. कारण विचारलं: कड झिजली की टूल मागे सरकल्यासारखं होतं.’ अशा पाच ओळी चाळीस दिवस लिहिल्या तर कॉलेजचा रिपोर्ट आपोआप तयार होतो, तोही कुणाचा न उतरवलेला.

ग्राहकाचं ड्रॉइंग, भागाचा नंबर, कंपनीचं नाव वहीत लिहू नका. मोबाइलने फोटो काढू नका, स्टेटसला तर मुळीच नाही. एका फोटोपायी जॉब शॉपची ऑर्डर जाऊ शकते. रिपोर्टमध्ये चित्र हवं असेल तर हाताने काढा आणि मालकांना दाखवून घ्या.

अडचण आली तर

तीन आठवडे झाले आणि फक्त झाडू हातात आहे, तर मालकांना वेळ मागून शांतपणे सांगा: ‘सर, सकाळी दोन तास इन्स्पेक्शनला बसू का? बाकी वेळ सांगाल ते करतो.’ बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. उलट अडचणही येते. माणूस कमी आहे म्हणून तुम्हाला एकट्याला रात्रपाळीत मशिनवर उभं करतात. त्याला नाही म्हणा आणि त्याच दिवशी कॉलेजच्या समन्वयक सरांना किंवा मॅडमना कळवा. शिकायला आलेल्या मुलाने एकट्याने प्रॉडक्शन काढायचं नसतं. इजा झाली, लहान असली तरी, रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या.

मुलींनी जागा ठरवण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन स्वच्छतागृह, शिफ्टची वेळ आणि परतीची बस बघून यावी, आणि हे प्रश्न मालकांना सरळ विचारावेत. ‘मुलगी आहे, तिला ऑफिसात बसवू’ असं झालं तर शॉप फ्लोअरचे तास आधीच पत्रात लिहून घ्या. सीएमएम (संगणकी मोजमाप मशिन) आणि इन्स्पेक्शनमध्ये मुलींचं काम मी जवळून पाहिलंय. सेटिंगलाही त्या उभ्या राहिल्या पाहिजेत आणि तो हट्ट धरायला हवा.

शेवटचा आठवडा

सर्टिफिकेटचा मजकूर तुम्हीच लिहून न्या, मालकांना वेळ नसतो. ‘सीएनसीचे ज्ञान’ असं मोघम लिहू नका. ‘बोअर गेजने एच७ बोअर तपासले, दोन नवीन जॉबच्या सेटिंगला मदत केली, तपासणी फिक्स्चर पीईटीजीमध्ये बनवून वापरात आणलं’ असं लिहा. रेझ्युमेवरही हेच. ज्यांनी शिकवलं त्या काकांचा फोन नंबर विचारून घ्या आणि दिवाळीला एक फोन करा.

जायच्या दिवशी स्क्रॅपच्या डब्यातला, तुमच्या हातून गेलेला एक पीस मालकांना विचारून मागून घ्या. ग्राहकाचा नाजूक भाग असेल तर ते नाही म्हणतील, मग राहू द्या. मिळाला तर पुढच्या मुलाखतीत तो टेबलावर ठेवा, मायक्रोमीटर मागा, समोर मोजून दाखवा आणि तो कुठे चुकला ते सांगा. माझा २४.६४ चा शाफ्ट अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.